सत्तावन्न किलोचे पहिलवान : खाशाबा जाधव

आपल्या भागात जत्रेच्या कुस्त्यांना अजून गर्दी होते. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या आणि शेवटी कड्याची कुस्ती, हा क्रम बीदरकडे काय नि कलबुर्गीकडे काय, सारखाच. आणि दर जत्रेत कुणीतरी एखाद्या किरकोळ अंगाच्या गड्याकडे पाहून हसतेच, की हा काय कुस्ती मारणार! आम्हीही तसे हसलो आहोत. पहिलवान म्हटला की मान नाही, पोट पुढे, दोन पायली अंग, असे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही अशा माणसाचे चरित्र निवडले, ज्याचे वजन आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा कमी होते आणि ज्याने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात शेती आणि तालीम दोन्ही होती. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात झाली आणि पुढे ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर त्या काळी कुस्तीची पंढरीच. उंची सुमारे साडेपाच फूट, अंग चपळ, आणि ढाक हा डाव हातखंडा. समोरच्याची मान बगलेत धरून त्याला अंगावरून फेकायचे, हे नुसत्या वजनाच्या जोरावर होत नाही. खांदा, पाठ, कंबर आणि मांडी एकाच क्षणी कामाला लागावी लागते.

१९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला ते गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. आपल्याकडे तेव्हा काय चालले होते ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. आपले जिल्हे निजामाच्या राज्यात, गावोगाव रझाकारांची दहशत, आणि पोलीस ॲक्शन व्हायला दीड महिना बाकी. तिकडे खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे बावन्न किलोपर्यंतच्या वजनात, लाल मातीऐवजी मॅटवर उभे होते. मॅटची सवय अजिबात नव्हती. तरीही ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे हार झाली आणि सहावा क्रमांक आला. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

पुढची चार वर्षे आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटतात. हेलसिंकीला १९५२ साली ते बॅंटमवेट गटात उतरले, म्हणजे सत्तावन्न किलोपर्यंत. एक गट वर. वजनगटाच्या कुस्तीत काटा मोठा निष्ठुर असतो. हद्दीपेक्षा जास्त भरलात तर खेळताच येत नाही. आणि काट्याला चरबी कोणती, स्नायू कोणता, हे कळत नाही. दोन्हींचा किलो सारखाच भरतो. चरबी डाव मारत नाही, ती आपण नुसती वाहून नेतो. म्हणजे सत्तावन्न किलोंच्या हद्दीत पहिलवानाने अंगात जितके ताकदीचे मांस भरावे तितका फायदा, आणि जितकी चरबी ठेवावी तितका तोटा.

हे तालमीत कसे साधत, ते जुन्या वस्तादांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पहाटे हौदातली माती खोदायची, मग जोर, बैठका, मग जोड्या लावून लढत. संध्याकाळी पुन्हा मेहनत. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण हा खुराक त्या मेहनतीसाठी. मेहनत थांबली आणि खुराक तसाच राहिला की काय होते, ते निवृत्त पहिलवानांच्या पोटाकडे पाहिले की समजते. (आम्ही तर कधी हौदात न उतरता, केवळ फायलींपुढे बसून, चाळिशीत तेच साधले आहे.)

इथे शेजारच्या एका मुलाची गोष्ट सांगावीशी वाटते. पोलीस भरतीसाठी त्याने वजन उतरवायचे ठरवले आणि सरळ जेवणच सोडले. सकाळी चहा, रात्री एक भाकरी, आणि दिवसभर पळणे. तीन महिन्यांत आठ किलो उतरला. घरचे खूश, आम्हीही शाबासकी दिली. प्रत्यक्ष चाचणीत सोळाशे मीटर कसेबसे पळाला आणि गोळाफेकीत कमी पडला. शरीराला पुरेसे अन्न मिळाले नाही आणि ताकदीचा व्यायामही नसला, की ते चरबीबरोबर मांसही खाते. त्याच्या आठ किलोंत दंडाचे आणि मांडीचे किती गेले, कोण जाणे.

आहारशास्त्र आज सांगते ते तालमीच्या शहाणपणाला धरूनच आहे. चरबी उतरवायची तर खाणे थोडेच कमी करावे, आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरेल इतके. मेहनत करणाऱ्याने वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने घ्यावीत. पंचावन्न किलोच्या मुलाला हे ब्याऐंशी ग्रॅम झाले. त्यासाठी महागडा डबा विकत आणावा लागतो असे पोरांना वाटते. आपण तुरीच्या मुलखात राहतो! शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. अर्धा लिटर दुधात सोळा, मूठभर शेंगदाण्यांत बारा, दोन अंड्यांत बारा, दोनशे ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाच्या भाकऱ्यांत वीस. बेरीज करून पाहा. अंडी चालत नसतील त्यांनी फुटाणे आणि दही वाढवावे. पुंडीची भाजी सोबत हवीच. कमी करायचे ते साखर, तळण आणि भाताचा दुसरा ढीग. आणि नुसते पळण्यावर भागत नाही, जोर-बैठका किंवा वजन उचलणे आठवड्यातून तीन-चार दिवस तरी हवे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

आता पुन्हा खाशाबांकडे. हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ साली सात हजार म्हणजे काय, याचा विचार करावा. तिथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती ते हरले. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेकोवसमोर उभे केले गेले, आणि त्यांची बाजू मांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या अंगाने ते तीही कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मामदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. त्यांच्यासोबत गेलेले केशव माणगावे फेदरवेटमध्ये चौथे आले, म्हणजे आणखी एक पदक थोडक्यात हुकले.

परत आल्यावर कराडात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले. आम्हाला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मेलबर्नचे ऑलिम्पिक हुकले. सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेसने मिळवून दिले, मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तोही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या कुस्त्या दिल्लीत ज्या स्टेडियममध्ये झाल्या, त्याला आता त्यांचे नाव आहे.

शेजारचा मुलगा यंदा पुन्हा भरतीला बसतो आहे. सकाळी वरण-भाकरी खाऊन जातो, संध्याकाळी तालमीत जोर काढतो. वजन मागच्यापेक्षा तीन किलो जास्त भरते, म्हणून त्याची आई काळजीत होती. पँट मात्र जुनीच आहे, आणि ती कमरेला सैल झाली म्हणून परवा तो शिंप्याकडे निघाला होता.