क्लेअरचा खासदार आणि त्याचे मतदार

डब्लिनच्या मुख्य रस्त्याला ज्यांचं नाव आहे, ते डॅनियल ओकॉनेल. इथल्या आपल्या मंडळींच्या तोंडी हे नाव रोज असतं. त्यांच्याविषयी वाचायला घेतलं आणि मी एका पोटनिवडणुकीपाशी अडकलो.

ओकॉनेल १७७५ साली केरी परगण्यात जन्मले, शिकले फ्रान्समध्ये आणि १७९८ पासून वकिली करू लागले. वकील नावाजलेले, पण कॅथलिक. त्यामुळे वरच्या जागा बंद. खासदारकीचंही तेच. खरं तर कॅथलिकांनी निवडणूक लढवू नये, असा कायदा नव्हता. अडचण पुढे होती. सभागृहात बसण्याआधीची शपथ अशी होती, की ती घेणं म्हणजे आपला धर्म नाकारणं.

१८२३ मध्ये त्यांनी कॅथलिक असोसिएशन उभी केली. पुढच्या वर्षी महिना एक पेनी वर्गणी सुरू झाली आणि गरिबातला गरीबही चळवळीत आला.

१८२८ मध्ये क्लेअरचे खासदार व्हीसी फिट्झगेराल्ड मंत्री झाले. मंत्रिपद घेतलं की पुन्हा मतदारांकडे जायचं, असा तेव्हा नियम होता. आपण ज्याला 'राइट टू रिकॉल' म्हणतो, त्याचाच हा लांबचा नातेवाईक. त्यांच्याविरुद्ध ओकॉनेल उभे राहिले. मतदान गुप्त नव्हतं; एनिस गावात सगळ्यांसमोर नाव सांगायचं. मतदार बहुतेक छोटे शेतकरी. जमिनीत वर्षाला ४० शिलिंगांचा हक्क असला की मत मिळे. जमीनदाराचा रोष पत्करून त्यांनी ओकॉनेलना निवडलं. मतं २०५७ विरुद्ध ९८२.

सरकार हादरलं. एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली झाली, पण नवी शपथ कायद्यानंतर निवडून येणाऱ्यांनाच लागू होती. १५ मे रोजी ओकॉनेल सभागृहात गेले, तर समोर जुनीच शपथ. त्यांनी नकार दिला, जागा रिकामी ठरली. जुलैमध्ये ते क्लेअरमधूनच बिनविरोध आले.

मला खटकलं ते वेगळंच. त्याच वेळी दुसरा कायदा झाला आणि मताची अट ४० शिलिंग, म्हणजे २ पौंडांवरून १० पौंडांवर गेली. आयर्लंडचे परगण्यांतले दोन लाखांवर मतदार सुमारे ३७ हजारांवर आले. ज्यांनी ओकॉनेलना निवडलं, त्यांतल्या बहुतेकांचं मतच गेलं. अशा सौद्याला ओकॉनेलनी १८२५ मध्ये एकदा तयारी दाखवली होती. १८२९ मध्ये त्यांचा विरोध होता, पण त्यासाठी त्यांनी कायदा अडवून धरला नाही.

पुढे १८४१ मध्ये ते डब्लिनचे लॉर्ड मेयर झाले. स्वतंत्र आयरिश संसदेसाठी लढताना तुरुंगातही गेले. १५ मे १८४७ रोजी, देशात भीषण दुष्काळ असताना, ते इटलीत जिनोआला वारले. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

इथल्या स्थानिक निवडणुकीत आयरिश नागरिकत्व नसलं तरी रहिवासी म्हणून आपल्याला मत देता येतं. आपल्यातल्या अनेकांनी अजून नाव नोंदवलेलं नाही. तेवढं करून टाका.