ऑक्सफर्डला धर्म शिकले आणि परळमध्ये शाळा काढली: कोण होते महर्षी शिंदे?

१८ ऑक्टोबर १९०६. मुंबईतल्या परळमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी एक शाळा सुरू झाली. ती काढणारे विठ्ठल रामजी शिंदे तीनच वर्षांपूर्वी ऑक्सफर्डहून परतले होते. तिथे ते कायदा नाही, धर्म शिकायला गेले होते.

शिंदेंचा जन्म १८७३ मध्ये जमखंडीतल्या एका मराठा कुटुंबात झाला. वडील वारकरी. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमध्ये शिकताना शिंदे प्रार्थना समाजाकडे ओढले गेले.

प्रार्थना समाज म्हणजे काय?

१८६७ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही धर्मसुधारणेची चळवळ. एकच निराकार ईश्वर मानायचा, मूर्तिपूजा नाही, पण संतांचे अभंग हवेत. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे तिचे बिनीचे लोक. विचार पुढारलेले होते, पण उपासनेला येणारे बहुतेक जण शिकलेले आणि उच्चवर्णीय.

शिंदेंना हेच खटकलं. ईश्वर सगळ्यांचा पिता असेल, तर त्याची काही लेकरं गावाबाहेर का? या प्रश्नाचं उत्तर प्रवचनात देऊन भागणार नव्हतं. म्हणून त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं. परळच्या शाळेपाठोपाठ आणखी शाळा आणि वसतिगृहं उभी राहिली. बहीण जनाबाईही या कामात उतरल्या.

वाट सोपी नव्हती

१९१० मध्ये शिंदे प्रार्थना समाजाच्या प्रचारकपदावरून बाजूला झाले. मिशनचं काम सुरूच राहिलं. १९१७ मध्ये काँग्रेसने कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यतेविरोधात ठराव केला, त्यामागे शिंदेंचे प्रयत्न होते.

दुसरीकडे, अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडायचे यावर डॉ. आंबेडकरांशी त्यांचे मतभेद झाले. आमच्या वतीने सवर्णांनी का बोलावं, हा प्रश्न तेव्हा पुढे आला होता. धर्मभावनेतून आलेल्या सुधारणेची ही मर्यादा होती. करुणा होती, पण पुढारपण कोणाचं, हा वाद सुटला नाही.

१९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ आला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचं निधन झालं. सहा वर्षांनी लागू झालेल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. शिंदेंनी देवासमोर विचारलेला प्रश्न तोवर कायद्याचा झाला होता.