चित्रांत प्राण ओतणारा डॉक्टर : ओसामु तेझुका

आमच्या बालवाचकांच्या आईबापांपैकीं अनेकांस १९९३ सालच्या रविवारच्या सकाळी आठवत असतील. दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागली कीं गल्लींतलीं मुलें घरांत पळत. तो मोगली हिंदी बोलत असे, परंतु त्याचा जन्म झाला होता जपानांत, १९८९ सालीं. आज त्याच मुलांचीं मुलें जपानी हलत्या चित्रांच्या मालिका, ज्यांस अ‍ॅनिमे म्हणतात, आवडीनें पाहतात आणि पालक आम्हांस विचारतात कीं, यांतून काय पाहूं द्यावें? नुसती नांवांची यादी देण्यापेक्षां ज्यानें ह्या कलेची घडी बसवली त्याचें चरित्रच सांगावें, म्हणजे पाहण्याजोग्या मालिका त्यांत आपोआप येतील, असें आम्हांस वाटतें.

ओसामु तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजीं ओसाकाजवळील तोयोनाका येथें झाला. बालपण मात्र ताकाराझुका ह्या गांवीं गेलें. तेथील नाट्यगृहांत सर्व भूमिका, पुरुषांच्यासुद्धां, स्त्रियाच करीत; आई लहानग्या ओसामूस तीं नाटकें दाखवीत असे. वडिलांनीं घरीं चित्रपट दाखविण्याचें छोटें यंत्र आणलें होतें. त्यावर डिस्नेचीं हलतीं चित्रें पाहून मुलगा हरखून जाई. ओसामु अंगानें किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, केस कुरळे. त्यामुळें सोबती त्यास चिडवीत. परंतु तो चित्रें काढूं लागला तेव्हां तेच सोबती त्याच्याभोंवतीं जमूं लागले. किड्यांचाही त्यास फार नाद. एका भुंगेऱ्याचें जपानी नांव आपल्या नांवाशीं जुळतें हें पाहून त्यानें आपल्या नांवास 'कीटक' ह्या अर्थाचें अक्षर जोडलें, आणि तीच सही त्यानें जन्मभर केली.

पुढें महायुद्ध आलें. शाळकरी मुलांस कामास जुंपण्यांत आलें. त्या दिवसांत ओसामूच्या दोन्ही हातांस त्वचेचा भयंकर रोग जडला. हात कापावे लागतात कीं काय अशी पाळी आली. पण डॉक्टरांच्या उपचारांनीं ते वांचले. ज्या हातांनीं पुढें सुमारें दीड लक्ष पृष्ठें रेखाटलीं ते हेच हात! आपणही डॉक्टर व्हावें असें त्याच्या मनानें तेव्हां घेतलें. १९४५ सालीं ओसाकावर झालेल्या बाँबवर्षावांतून तो थोडक्यांत बचावला, आणि माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या मनावर कायमची कोरली गेली.

त्याच सालीं तेझुका वैद्यकीच्या अभ्यासास लागले. दिवसा शरीरशास्त्र, रात्रीं चित्रकथा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १९४६ च्या आरंभीं त्यांची पहिली चित्रकथा एका वर्तमानपत्रांत आली. १९४७ सालीं निघालेल्या एका साहसकथेच्या पुस्तकानें त्यांचें नांव घरोघर नेलें. चित्रपटांतील कॅमेरा जसा दूर जातो, जवळ येतो, तशीं त्यांचीं चित्रें कागदावर धांवत. आतां डॉक्टर व्हावें कीं चित्रकार, हा पेंच पडला. आईनें त्यांस एवढेंच विचारलें कीं, तुझें मन कशांत आहे. आणि जेथें मन आहे तेंच करण्यास सांगितलें. मात्र चित्रकलेचें कारण पुढें करून त्यांनीं विद्या अर्धवट टाकली नाहीं. १९५१ सालीं त्यांनीं वैद्यकीचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि १९६१ सालीं, ऐन कीर्तीच्या काळांत, वैद्यकशास्त्रांतील डॉक्टरेट मिळविली.

१९५२ सालीं त्यांनीं एका यंत्रबालकाची कथा आरंभिली. एक शास्त्रज्ञ अपघातांत मेलेल्या मुलासारखा यंत्रपुत्र घडवितो. पण तो कांहीं केल्या वाढत नाहीं हें पाहून त्यास सर्कशींत विकून टाकतो. पुढें एक दयाळू प्राध्यापक त्यास सोडवितो. हाच तो 'अ‍ॅस्ट्रो बॉय'. तेझुका यांनीं स्वतःची चित्रशाळा काढून १ जानेवारी १९६३ पासून ही कथा दूरचित्रवाणीवर आणली. दर आठवड्यास अर्ध्या तासाचा एक भाग, असे चार वर्षांत १९३ भाग झाले.

हें साधलें कसें, तें समजून घेण्याजोगें आहे. पडद्यावर सेकंदास २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीस नवें चित्र काढूं गेल्यास खर्चास आणि वेळेस अंत नाहीं. तेझुका यांच्या मंडळीनें एकच चित्र तीन तीन चौकटींस चालविलें, म्हणजे सेकंदास आठच चित्रें. बोलतांना केवळ ओंठ हालवावयाचे, धांवण्या-उडण्याचीं चित्रें जपून ठेवून पुन्हां वापरावयाचीं, अशा युक्त्या योजिल्या. आणि चित्रांची उणीव कथेच्या बळानें भरून काढली.

परंतु ह्या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालिका मिळावी म्हणून तेझुका यांनीं ती खर्चाहूनही कमी मोलानें देऊं केली. त्यांचें नुकसान खेळण्यांच्या व परदेशच्या विक्रींतून भरून निघे. पण तो स्वस्त भाव पुढें ह्या धंद्याचा पायंडा झाला, आणि रात्र रात्र जागणाऱ्या चित्रकारांस अल्प वेतनावर राबावें लागलें, असा ठपका हायाओ मियाझाकी यांच्यासारख्या नामवंत कलावंतानें त्यांच्यावर ठेवला आहे. चांगल्या हेतूनें केलेल्या सौद्याचेंही ओझें कधीं कधीं दुसऱ्यांच्या खांद्यावर पडतें, हें थोर पुरुषाच्या चरित्रांतही विसरूं नये.

ह्यानंतर त्यांच्या चित्रशाळेनें निरनिराळ्या रसांच्या मालिका दिल्या. ज्यांस प्राण्यांची आवड आहे त्यांनीं १९६५ ची 'किंबा' पाहावी; बाप गमावलेला पांढरा सिंह वनांत न्यायाचें राज्य कसें उभारूं पाहतो तें तींत आहे. १९६७ च्या 'प्रिन्सेस नाइट' मध्यें मुलीस गादी मिळत नाहीं म्हणून सफायर नांवाची राजकन्या राजपुत्राच्या वेषांत वाढते. आमच्या मुलींस ती विशेष रुचेल. लहानपणीं पाहिलेल्या त्या नाटकांची छाया तींत स्पष्ट दिसते. १९६९ ची 'दोरोरो' ही भयरसाची. सत्तेच्या लोभानें एक सरदार आपल्या तान्ह्या मुलाचे अवयव राक्षसांस देऊन टाकतो, आणि तो मुलगा एकेक राक्षस मारून एकेक अवयव परत मिळवितो. ती २०१९ सालीं नव्यानें निघाली आहे. परंतु ती मोठ्या मुलांनींच पाहावी.

१९७३ सालीं चित्रशाळेचें दिवाळें निघालें. तेझुका यांचे दिवस भरले असें प्रकाशकही मानूं लागले. नेमकें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांनीं 'ब्लॅक जॅक' ही कथा सुरू केली. परवाना नसलेला, भरमसाट शुल्क मागणारा, पण अंतःकरणानें हळवा असा शस्त्रवैद्य तिचा नायक. वीस वर्षांपूर्वीं बाजूस ठेवलेली वैद्यकी अशी ऐन संकटांत कामास आली! तिची दूरचित्रवाणी मालिका २००४ सालीं निघाली. डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्यांनीं ती अवश्य पाहावी. आपल्या देशाशीं संबंध असलेली 'बुद्ध' ही प्रदीर्घ चित्रकथाही त्यांनीं १९७२ ते १९८३ ह्या काळांत लिहिली.

९ फेब्रुवारी १९८९ रोजीं पोटाच्या कर्करोगानें वयाच्या साठाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें. रुग्णशय्येवरही त्यांच्या हातांतली लेखणी सुटली नव्हती, आणि अनेक कथा अपुऱ्या राहिल्या. ताकाराझुका येथें १९९४ सालीं त्यांच्या नांवाचें संग्रहालय उघडण्यांत आलें.

मुलांनो, आरंभ 'अ‍ॅस्ट्रो बॉय' पासून करा, आणि शक्य तर आईबापांसह पाहा. पालकांसही आमची विनंति कीं, मूल वहीच्या कोपऱ्यांत चित्रें काढतांना दिसलें तर वही हिसकावूं नये. आधीं तें चित्र नीट पाहावें, मग राहिलेल्या धड्याची आठवण द्यावी. तेझुका यांच्या हातून दोन्ही गोष्टी झाल्या होत्या.