वाल्देमार हाफकिन

वाल्देमार हाफकिन (१५ मार्च, १८६०:ओडेसा – २६ ऑक्टोबर, १९३०:लोझान) हे पटकी व प्लेग या रोगांवरील प्रतिबंधक लसी तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना त्यांनी १८ जुलै १८९२ रोजी पटकीची लस स्वतःला टोचून घेतली व त्याच महिन्यात तेथील जीवशास्त्र सभेपुढे निष्कर्ष मांडले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत तयार केलेली लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःवर वापरली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या व न घेतलेल्या कैद्यांची तुलना करण्यात आली. हे संशोधन त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हलली.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लसीत कार्बॉलिक आम्ल घालण्याऐवजी हाफकिन उष्णतेने निर्जंतुकीकरण करू लागले होते; त्यावर बोट ठेवून चौकशी आयोगाने प्रयोगशाळेला दोषी धरले आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि बाटलीतील द्रवाला धनुर्वाताच्या जंतूंची दुर्गंधीही नव्हती. आयोगाने या पुराव्याला पुरेसे महत्त्व दिले नाही. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी टाइम्स वृत्तपत्रातून तो जाहीरपणे मांडला. रॉस यांनी नेचरमध्येही लिहिले. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. मात्र त्यांची नेमणूक कोलकात्यात झाली, मुंबईत नव्हे. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.