शिरोडकरांचा टाका

दिवस राहिले, पण चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ निसटला, असा अनुभव पूर्वी एक-दोनदा आलेल्या स्त्रीला पुढच्या खेपेस डॉक्टर 'टाका' घालण्याचा सल्ला देतात. माहीमपासून गिरगावपर्यंतच्या प्रसूतिगृहांत हा शब्द परिचयाचा आहे. वयाच्या पस्तिशीनंतर मोठ्या प्रयत्नाने गर्भधारणा झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने तर त्या टाक्याचे मोल अधिकच. मात्र, जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत ज्यांच्या नावाने हा टाका ओळखला जातो, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर याच मुंबईत घडले, याची आठवण आज फारशी उरलेली नाही.

डॉ. शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडे या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. शालेय शिक्षण हुबळीत पूर्ण करून ते मुंबईला आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. प्रसूती व स्त्रीरोगशास्त्र या विषयात त्यांनी १९२७ मध्ये एम. डी. पदवी मिळविली. त्यानंतर इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये ते एफ. आर. सी. एस. झाले. परतल्यावर जे. जे. रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन, असे त्यांचे दुहेरी कार्य सुरू झाले.

या काळात त्यांच्यापुढे येणाऱ्या रुग्णांत एक गट वेगळा होता. या स्त्रियांना दिवस राहत, पहिले तीन महिने सुरळीत जात आणि चौथ्या ते सातव्या महिन्यांदरम्यान अचानक गर्भपात होई. असे एकदा नव्हे, अनेकदा घडे. वैद्यकाकडे पूर्ण विश्रांती आणि हार्मोनची औषधे याखेरीज उपाय नव्हता. घरात मात्र दोष त्या स्त्रीच्याच माथी मारला जाई.

डॉ. शिरोडकरांनी या प्रश्नाकडे शल्यविशारदाच्या नजरेने पाहिले. यांपैकी काही स्त्रियांच्या बाबतीत गर्भात दोष नसतो. गर्भाशयाचे मुख कमकुवत असल्याने वाढत्या गर्भाचा भार त्याला पेलवत नाही आणि ते वेळेआधीच उघडते, हे त्यांनी ओळखले. त्यावरचा उपायही त्यांनी तितकाच थेट शोधला. मूत्राशय किंचित वर सरकवून गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडाशी पोहोचायचे आणि तेथे पट्टी गुंडाळून ते आवळून ठेवायचे. ही पट्टी ते त्या स्त्रीच्याच मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणातून काढून घेत. बाळंतपण जवळ आले की टाका सोडवायचा किंवा सिझेरियन करायचे. १९५५ मध्ये 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९५७ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्ड यांनी त्याहून सोपा टाका सुचविला. आजही हे दोन्ही टाके त्या दोघांच्या नावांनी ओळखले जातात.

त्यांचे काम एवढ्यापुरते मर्यादित नव्हते. तरुण वयात अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या स्त्रीचे गर्भाशय न काढता ते आधार देऊन जागेवर ठेवण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. बंद झालेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी मोलाची भर घातली. १९६० मध्ये त्यांचा स्त्रीरोगशास्त्रावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी झटणारे हेच डॉक्टर कुटुंबनियोजनाचेही खंबीर पुरस्कर्ते होते. मूल कधी व्हावे आणि किती व्हावीत, हे स्त्रीच्या हाती असावे, हाच दोन्ही कामांमागील समान धागा होता.

केंद्र सरकारने १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सात वर्षांनी, २५ जुलै १९७८ रोजी, इंग्लंडमध्ये जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयातही टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. गर्भनलिका बंद असल्या तरी गर्भधारणा शक्य झाली आणि नलिकांच्या शस्त्रक्रियेचे महत्त्व ओसरले. बीजांडे गोठविण्याची सोय झाली. २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीची वयोमर्यादा २१ ते ५० वर्षे ठरविली. तरीही पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या व गुणवत्ता झपाट्याने घटते, हे वास्तव बदललेले नाही. या वयातील पहिल्या तीन महिन्यांतील बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. तेथे टाक्याचा उपयोग नसतो. तो कोणाला घालावा, हे पूर्वीचा अनुभव आणि सोनोग्राफीतील गर्भाशयमुखाची लांबी पाहूनच ठरवावे लागते.

गर्भधारणा प्रयोगशाळेत झाली, तरी पुढचे महिने गर्भाला आईच्या उदरातच काढायचे असतात. तेथे गर्भाशयमुख दुबळे ठरले, तर डॉक्टरांचा हात आजही शिरोडकरांच्या टाक्याकडे वळतो.