५जीच्या आधी एक प्राध्यापक: फर्डिनंड ब्राऊन

रेडिओ म्हटलं की आपल्या तोंडी मार्कोनीचं नाव येतं. पण १९०९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांत विभागून दिलं होतं. दुसरे होते कार्ल फर्डिनंड ब्राऊन. ५जीबद्दल काहीही वाचलं की मला आधी तेच आठवतात.

त्यांचा जन्म १८५० चा, जर्मनीतल्या फुल्डा गावचा. काही खनिज स्फटिकांतून वीज एका दिशेने सहज जाते आणि उलट दिशेने अडते, हे त्यांनी १८७४ मध्ये दाखवलं. १८९७ मध्ये त्यांनी कॅथोड किरणांची नळी बनवली. मागून फुगीर असलेले जुने टीव्ही त्याच नळीवर चालायचे.

मग ते बिनतारी संदेशांकडे वळले. मार्कोनीच्या सुरुवातीच्या यंत्रात ठिणगी थेट अँटेनाच्या तारेतच पडायची. लहरी पटकन विरायच्या, शिवाय भलत्याच फ्रिक्वेन्सींवर पसरायच्या. ब्राऊन यांनी ठिणगीचं सर्किट अँटेनापासून वेगळं केलं. पल्ला वाढला आणि ट्यूनिंगही नेमकं होऊ लागलं.

माझ्या मते त्यांची खरी कमाल १९०५ ची. स्ट्रासबर्गला त्यांनी त्रिकोणात तीन अँटेना उभे केले आणि एकाला सिग्नल किंचित उशिरा दिला. एका बाजूला लहरींची बेरीज झाली, दुसऱ्या बाजूला वजाबाकी. अँटेना जागचा हलला नाही, तरी सिग्नलला दिशा मिळाली!

याचा आपल्याला काय फायदा? स्पेक्ट्रम मोजकाच असतो. एका हर्ट्झमध्ये सेकंदाला किती बिट जातात, ती झाली स्पेक्ट्रल एफिशियन्सी. अनेक अँटेनांचा टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशांच्या फोनशी बोलू शकतो. टॉवर आणि फोन यांच्यामधल्या रिलेची अडचण वेगळी. बोलताना त्याचाच आवाज त्याच्या कानात घुमतो. म्हणून साधा रिले आधी ऐकतो, मग बोलतो आणि निम्मा वेळ जातो. जास्त अँटेना असले की स्वतःच्या सिग्नलची ती वजाबाकी करता येते आणि वाया जाणारा वेळ बराच वाचवता येतो.

ब्राऊन यांना मात्र हे बघायला मिळालं नाही. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, रेडिओच्या पेटंट खटल्यात साक्ष द्यायला ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथेच अडकले. १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली, मग तर ते शत्रुदेशाचे नागरिक ठरले. एप्रिल १९१८ मध्ये ब्रुकलिनला त्यांचं निधन झालं. युद्ध संपायला जेमतेम सात महिने उरले होते.