सखाराम गणेश पंडित : स्वतःच्याच नागरिकत्वाचा खटला लढलेला वकील

अमेरिकेच्या स्थलांतर आणि नागरिकत्व कायद्याचा इतिहास चाळताना एक नाव मराठी वाचकाची नजर खिळवून ठेवते. सखाराम गणेश पंडित. वडिलांचे नाव मध्ये घेऊन नाव लिहिण्याची ही धाटणी आपल्या ओळखीची असली, तरी हे गृहस्थ आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले, आरंभी त्यांनी व्याख्याने देऊन आणि अध्यापन करून चरितार्थ चालवला आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये ते स्थिरावले.

त्या काळी अमेरिकेचे नागरिक होण्यासाठी त्वचेचा रंग विचारला जात असे. १७९०च्या कायद्याने हा हक्क केवळ मुक्त गोऱ्या व्यक्तींना दिला होता. यादवी युद्धानंतर, १८७०मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी माणूस यांपैकी कोणत्या रकान्यात बसतो, याबाबत न्यायालयांत एकवाक्यता नव्हती. १९१३मध्ये अक्षयकुमार मजुमदार यांना वॉशिंग्टन राज्यातील न्यायालयाने नागरिकत्व दिले. पुढच्याच वर्षी, १९१४मध्ये, लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने पंडित यांचाही अर्ज मान्य केला. सरकारने या अर्जास विरोध केला होता. मात्र निकालाविरुद्ध अपील केले नाही. ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली.

१९१७मध्ये पंडित यांना कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने आशियाच्या मोठ्या भूभागातून होणारे स्थलांतर रोखणारा कायदा संमत केला आणि हिंदुस्थान त्या निषिद्ध पट्ट्यात आला. म्हणजे दार बंद होत असतानाच दाराशी उभे राहून भांडणारा वकील तयार झाला होता. १९२०मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकी गोऱ्या स्त्रीशी विवाह केला.

मग आला भगतसिंग थिंड यांचा खटला. पंजाबातून आलेले थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झाले होते. १९१८मध्ये मिळालेले त्यांचे नागरिकत्व चारच दिवसांत काढून घेण्यात आले. १९२०मध्ये ओरेगॉनच्या न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले, आणि सरकारने आव्हान दिल्यामुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. थिंड यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांत पंडित होते. युक्तिवाद असा : उत्तर हिंदुस्थानातील उच्चवर्णीय हे आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन, आणि कॉकेशियन म्हणजे गोरे.

आज हा युक्तिवाद वाचताना अवघडल्यासारखे होते. वर्णभेदाच्या कायद्याशी लढताना जातीच्या श्रेष्ठत्वाचा आधार घ्यावा, यात न्याय कुठला? परंतु काळाचे भानही ठेवले पाहिजे. आर्यांच्या मूलस्थानाचा शोध घेणारा लोकमान्य टिळकांचा ग्रंथ १९०३मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या पिढीच्या सुशिक्षितांना ही परिभाषा परकी नव्हती. शिवाय वकिलाला कायदा आहे तसा स्वीकारूनच अशिलाला वाचवावे लागते. कायदाच चुकीचा आहे, असे म्हणून त्या काळी खटला जिंकता आला नसता.

तसाही तो जिंकता आला नाहीच. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निकाल दिला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा समजतो तोच कायद्याने गोरा, असा त्याचा आशय होता. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी याच न्यायमूर्तींनी जपानी अर्जदार ताकाओ ओझावा यांना ते कॉकेशियन नाहीत म्हणून नकार दिला होता! स्वतः सदरलँड इंग्लंडमध्ये जन्मलेले, म्हणजे स्थलांतरितच होते.

निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांकडे मोर्चा वळवला. मजुमदार यांचे नागरिकत्व गेले. त्यांचेही वकील पंडितच होते. पाठोपाठ खुद्द पंडित यांच्यावर नोटीस आली. येथे त्यांच्या हाती पणाला लागले होते ते सर्वस्व. नागरिकत्व गेले तर ते कोणत्याच देशाचे राहणार नव्हते. वकिलीची सनद आणि मालमत्ता धोक्यात येणार होती. नागरिकत्वास अपात्र परकीयाशी संसार करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचेही नागरिकत्व तेव्हाच्या कायद्याने जात असल्याने लिलियनबाईंवरही गंडांतर होते.

या वेळी पंडित यांनी वंशाचा मुद्दा मागे ठेवला. सरकार १९१४मध्ये हजर होते, त्याने विरोध केला, ते हरले आणि गप्प बसले. तो वाद आता पुन्हा उकरता येणार नाही, असे त्यांनी मांडले. त्या निकालावर विसंबून आपण व्यवसाय उभारला, विवाह केला, हिंदुस्थानातील वारसाहक्कावर पाणी सोडले, हा दुसरा मुद्दा. कायद्याच्या भाषेत याला विबंधाचे तत्त्व म्हणतात. जिल्हा न्यायालयाने पंडित यांच्या बाजूने कौल दिला, १९२६मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका दाखल करून घेण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने हिंदी नागरिकांविरुद्धची उरलेली प्रकरणे सोडून दिली.

ज्यांचे नागरिकत्व आधीच गेले होते, त्यांना मात्र याचा उपयोग झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी १९२८मध्ये आत्महत्या केली. थिंड यांना माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्यान्वये १९३६मध्ये नागरिकत्व मिळाले. हिंदी लोकांना सरसकट हा हक्क मिळण्यास २ जुलै १९४६ उजाडावे लागले. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यात हिंदुस्थानातून वर्षाला केवळ १०० जणांना स्थलांतराची मुभा होती. ही मुभा वाढवणारा १९६५चा कायदा पाहण्यास पंडित हयात नव्हते. १९५९मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अमेरिकी नागरिकत्वाला ४५ वर्षे झाली होती.